एक खोली थंडच का राहते? ब्रिटनमधल्या एका छोट्या सेवा-व्यवसायाचा धडा

या आठवड्याचा व्हिडिओ ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या प्रेक्षकांसाठी आहे. विषय साधा आहे. घरात सगळीकडे ऊब आहे, पण एक खोली काही केल्या तापत नाही. मुलं तिथं अभ्यासाला बसत नाहीत, आजी-आजोबा भारतातून आले की दोन स्वेटर घालून झोपतात. ही खोली नीट करून देणं हा कमी भांडवलाचा, एकट्या माणसाला जमणारा व्यवसाय होऊ शकतो. व्हिडिओत हाताचं काम दाखवलं आहे. इथं त्यामागचा विचार आणि हिशेब सविस्तर लिहितो, कारण पैसे मिळतात ते निदानाचे. पट्टी चिकटवणं कुणालाही येतं.

आधी बाजार समजून घेऊ. इंग्लंडमधली साधारण एक पंचमांश घरं १९१९ पूर्वीची आहेत. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या विटांच्या भिंती, लाकडी खिडक्या आणि त्यात नंतर बसवलेलं सेंट्रल हीटिंग. बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर पाणी तापवतो, पंप ते पाणी पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवतो आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. २०२२ मध्ये गॅस आणि विजेचे दर भडकल्यापासून 'हीटिंग जरा वाढवा' हे उत्तर लोकांना परवडत नाही. मोठ्या प्लंबरला अर्ध्या तासाच्या कामासाठी यायला वेळ नसतो. खिडक्या बदलणाऱ्या कंपन्यांना अख्ख्या घराच्या खिडक्या विकायच्या असतात. या दोघांच्या मधली जागा मोकळी आहे, आणि आपला धंदा तिथंच बसतो.

पहिलं काम फोनवर

ग्राहकाचा फोन आला की लगेच 'येतो' म्हणू नका. पाच मिनिटं प्रश्न विचारा. समजा, फोनवर मराठी कुटुंबातल्या ताई आहेत:

'दादा, मागची बेडरूम फार थंड असते हो. रेडिएटर बदलावा लागेल का?'

'ताई, आधी मला एक सांगा, तो रेडिएटर हाताला गरम लागतो का?'

'वरती कोमट आहे, खाली थंड... थांबा हं, बघते. नाही, आज सगळाच थंड आहे.'

'बाकीच्या खोल्यांतले?'

'ते चटका बसेल इतके तापलेत.'

'आणि या रेडिएटरच्या बाजूला आकडे असलेली गोल मूठ आहे ना, ती कितीवर आहे?'

'पाचवर. पहिल्यापासून पाचवरच ठेवलीये.'

बघा, एवढ्या बोलण्यात निम्मं निदान झालं. थंड खोलीची दोनच मुळं असतात. एक तर खोलीत उष्णता पुरेशी येत नाही, नाहीतर आलेली उष्णता टिकत नाही. रेडिएटर थंड असेल तर खिडकीला हात लावण्यात अर्थ नाही. रेडिएटर चांगला तापतोय आणि तरी खोली गार आहे, तर मग खिडक्या, दारं आणि जमीन बघायची. हा क्रम ज्याला पाठ झाला त्याची एक फेरी तरी वाचते. आणि लंडनच्या ट्रॅफिकमध्ये एक फेरी म्हणजे अर्धा दिवस.

ती आकड्यांची मूठ नेमकं काय करते

हिला तिथले लोक टीआरव्ही म्हणतात, म्हणजे रेडिएटरचा थर्मोस्टॅट-व्हॉल्व्ह. डेन्मार्कमधल्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये तो शोधला, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. मुठीच्या आत मेणाची किंवा द्रवाची एक छोटी कुपी असते. आसपासची हवा तापली की कुपीतला पदार्थ फुगतो आणि खालची पिन दाबतो. पिन दाबली गेली की पाण्याचा मार्ग बंद होतो. हवा गार झाली की कुपी आक्रसते, स्प्रिंग पिनेला वर ढकलते, पाणी पुन्हा वाहू लागतं. वीज नाही, बॅटरी नाही.

यातून तीन गोष्टी निघतात, आणि बहुतेक ग्राहकांना त्या माहीत नसतात.

मुठीवरचे आकडे गॅसच्या शेगडीसारखे नाहीत. ३ म्हणजे साधारण २० अंश सेल्सिअस, कंपनीप्रमाणे थोडं इकडं-तिकडं. ५ वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, ती फक्त जास्त तापमानापर्यंत जायचा प्रयत्न करते. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह हे पाइप गोठू नयेत एवढ्यापुरतंच असतं.

मूठ तिच्याजवळच्या हवेचं तापमान ओळखते, खोलीच्या मध्यावरचं तिला कळत नाही. जाड पडदा रेडिएटरवर उतरलेला असेल, समोर सोफा टेकवला असेल किंवा शोभेचं लाकडी कव्हर बसवलं असेल तर गरम हवा तिथंच कोंडते. मुठीला वाटतं, खोली तापली. पलंगावरच्या माणसाचे पाय मात्र बर्फ. अशा वेळी सोफा वीतभर पुढं ओढणं हाच इलाज असतो. हो, त्याचेही पैसे घ्यायचे, कारण तुम्ही भेटीचे आणि निदानाचे पैसे घेताय. फक्त ते आधी सांगितलेले हवेत.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते. बऱ्याच घरांत हॉलमध्ये भिंतीवर मुख्य थर्मोस्टॅट असतो. हॉल ठरवलेल्या तापमानाला पोचला की तो बॉयलरला थांबवतो. मग मागच्या बेडरूमची मूठ ५ वर असली तरी उपयोग काय? गरम पाणीच येत नाही. म्हणून ज्या खोलीत मुख्य थर्मोस्टॅट आहे तिथल्या रेडिएटरवर टीआरव्ही नसावा, असलाच तर पूर्ण उघडा ठेवावा. आणि हॉल फार पटकन तापत असेल तर तिथल्या रेडिएटरचं पाणी थोडं कमी करावं. ते कसं करायचं, ते पुढं येतंच.

थंड रेडिएटरचं निदान, पायरीपायरीनं

हीटिंग चालू करून अर्धा तास जाऊ द्या. मग हातानं तपासा. पाइप बराच तापलेला असू शकतो, म्हणून आधी हात जवळ नेऊन अंदाज घ्या.

रेडिएटर खाली गरम आणि वर थंड असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून रेडिएटर गार होऊ द्या, वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू खास चावीनं पाव ते अर्धा वळसा सैल करा, खाली फडकं धरा. फुस्स करून हवा जाते, पाणी यायला लागलं की बंद. त्यानंतर बॉयलरवरचा दाब बघायला विसरू नका. बंदिस्त सिस्टीममध्ये गार असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. कमी झाला असेल तर घरमालकाच्या पुस्तिकेप्रमाणे पाणी भरून घ्यायचं. महिन्या-पंधरा दिवसांत तीच हवा परत येत असेल तर कुठंतरी गळती किंवा गंज आहे. मग ते आपलं काम नाही, हीटिंग इंजिनीयरचं आहे.

वर गरम आणि खाली, विशेषतः मध्यभागी, थंड असेल तर तळाशी काळा गाळ बसला आहे. लोखंड पाण्यात गंजून हा गाळ होतो. रेडिएटर काढून धुवावा लागतो किंवा सगळी सिस्टीमच साफ करावी लागते. सुरुवातीला हे काम अंगावर घेऊ नका. दुसऱ्याच्या फिकट गालिच्यावर तो काळा चिखल सांडला तर वर्षाची कमाई भरपाईत जाईल.

सगळाच रेडिएटर थंड असेल, वरच्या ताईंसारखा, तर संशय टीआरव्हीवर. मूठ आधी ५ वर फिरवा, म्हणजे पिनेवरचा दाब सुटतो. मग मुठीखालचं कडं हातानं सोडवून मूठ काढून घ्या. काही मॉडेलमध्ये कडं नसतं, खटका असतो, म्हणून कंपनीचं चित्र आधी बघा. आत एक बारीक पिन दिसेल. मूठ नसताना व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असायला हवा. दहा मिनिटं थांबा.

रेडिएटर तापायला लागला? मग मूठ बिघडली आहे, नवी बसवा. नाही तापला? पिनेवर एखादी सपाट, कडक वस्तू ठेवून हलकेच दाबा. पिन काही मिलिमीटर आत जाऊन स्प्रिंगनं परत वर यायला हवी. आत रुतून बसली असेल, तर उन्हाळाभर व्हॉल्व्ह बंद राहिल्यानं ती चिकटली आहे. बाजूनं हलकेच टिचक्या मारा, थोडं सिलिकॉन वंगण द्या, दाबून-सोडून मोकळी करा. पकडीनं पिन ओढू नका. काही व्हॉल्व्हमध्ये ती बाहेर येते आणि मागोमाग गरम पाण्याची चिळकांडी. पिन मोकळी होत नसेल तर थांबायचं, व्हॉल्व्ह बदलण्यासाठी पाणी काढावं लागेल असं सांगायचं आणि ओळखीच्या प्लंबरचा नंबर द्यायचा.

पिन छान हलतेय आणि तरी थंड? मग पाइपांकडे वळा. व्हॉल्व्हपर्यंतचा पाइप गरम आणि पुढं थंड असेल तर अडथळा तिथंच आहे, किंवा दुसऱ्या टोकाचा झाकण असलेला व्हॉल्व्ह कुणीतरी बंद केलाय. याला लॉकशील्ड म्हणतात. खोली रंगवताना रेडिएटर काढतात, परत लावताना हा उघडायचा राहून जातो. येणारा पाइपच थंड असेल तर पाणीच पोचत नाही.

पाणी न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे समतोल बिघडणं. पाणी आळशी असतं, सोप्या वाटेनं जातं. बॉयलरजवळचे रेडिएटर भरपूर पाणी ओढतात आणि टोकाच्या खोलीला उरत नाही. चाळीत तळमजल्याच्या नळांना धो-धो पाणी आणि वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार, तसंच समजा. उपाय असा: आधी सगळे व्हॉल्व्ह उघडा, हीटिंग सुरू करा, कोणते रेडिएटर आधी तापतात ते लिहून काढा. मग जे आधी तापतात त्यांचे लॉकशील्ड थोडे-थोडे बंद करत जा. जुना ठोकताळा असा की रेडिएटरच्या एका पाइपातून पाणी येतं आणि दुसऱ्यातून जातं, त्यांच्या तापमानात ११ अंशांच्या आसपास फरक पडावा. प्रत्येक व्हॉल्व्हचे किती वळसे फिरवले ते कागदावर लिहा आणि तो कागद ग्राहकाला द्या. पुढच्या वेळी कुणी रेडिएटर काढला तर त्याला तो कागद सापडेल, आणि त्यावर तुमचं नाव असेल.

एक बारीकशी सूचना. तापमान मोजायला बरेच जण इन्फ्रारेड गन घेतात. चकचकीत तांब्याच्या किंवा क्रोमच्या पाइपवर ती साफ चुकीचा आकडा दाखवते. पाइपवर काळ्या इलेक्ट्रिक टेपचा तुकडा चिकटवा आणि टेपवर नेम धरा.

आता खिडकी

रेडिएटर तापतोय, तरी खोली गार. इथं आपल्या देवघरातली वस्तू कामाला येते: उदबत्ती. दारं-खिडक्या बंद करा, स्वयंपाकघरातला आणि बाथरूममधला एक्झॉस्ट पंखा लावा. घरातली हवा बाहेर ओढली जाते आणि फटींतून बाहेरची हवा जोरात आत येते. उदबत्ती खिडकीच्या कडेनं सावकाश फिरवा. धूर जिथं आडवा झुकतो तिथं फट. मात्र घरात चिमणीवाली गॅसची शेगडी किंवा लाकडाचा स्टोव्ह पेटलेला असताना हे करू नका. पंख्यानं तिचा विषारी धूर उलटा खोलीत येऊ शकतो. स्मोक अलार्मपासूनही लांब राहा.

धूर बघताना एक फरक ओळखायला शिका. काही वेळा धूर आडवा होत नाही, काचेलगत सरळ खाली घसरतो. म्हणजे फट नाही. गार काचेला लागून हवा थंड होतेय, जड होऊन खाली वाहतेय आणि खाली बसलेल्या माणसाला वारा आल्यासारखं वाटतंय. तिथं कितीही पट्ट्या लावा, ग्राहकाचा फोन परत येणार. तिथं लागतं ते काचेच्या आतून दुसरं आवरण. स्वस्तातलं म्हणजे पारदर्शक फिल्म: चौकटीला दुहेरी टेप लावायची, फिल्म चिकटवायची, हेअर ड्रायरनं तापवली की ती ताणून सपाट होते. एका हिवाळ्यापुरतं चांगलं चालतं. मार्चमध्ये काढताना रंगाचा पोपडा निघू शकतो, हे आधीच सांगून ठेवा. भाड्याच्या घरात घरमालकाची परवानगी घ्यायला सांगा.

फटीच असतील तर खिडकीचा प्रकार बघा. प्लास्टिकच्या चौकटीची, बिजागरीवर उघडणारी खिडकी असेल तर कागदाची पट्टी मध्ये ठेवून खिडकी बंद करा आणि ओढा. सहज निसटली तर तिथली रबरी पट्टी दबत नाही. रबर कडक झालं असेल तर त्याच आकाराचं नवं घाला. त्याआधी कडेच्या कुलपाचे गोल खुंटे बघा. अनेक मॉडेलमध्ये ते ॲलन चावीनं थोडे फिरवले की खिडकी चौकटीला घट्ट बसते. सामानाचा खर्च शून्य.

जुन्या घरातल्या वर-खाली सरकणाऱ्या सॅश खिडक्या हे वेगळंच प्रकरण. दोन चौकटी एकमेकींसमोर सरकतात, आत दोरी आणि वजनं असतात. वारा चारही बाजूंनी येतो आणि दोन चौकटी मध्ये भेटतात तिथून सर्वांत जास्त. पूर्ण काम म्हणजे कडेच्या लाकडी पट्ट्या काढून त्यात ब्रशची पट्टी बसवणं. ते सुतारकामाचा हात असलेल्यानं करावं. पण वरच्या आणि खालच्या कडेला दबणारी पट्टी लावणं आणि मधला सैल खटका बदलून दोन्ही चौकटी जवळ ओढणारा बसवणं, एवढं नवशिक्याला जमतं आणि खिडकीची खडखड थांबते. ग्राहकाला आवाज थांबल्याचा आनंद उबेपेक्षा लवकर होतो, हे लक्षात ठेवा. सिलिकॉननं खिडकी कायमची चिकटवून टाकू नका. आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते. जुना रंगही कोरडा घासू नका. १९६० च्या आधीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ मुलांच्या पोटात जाते. इमारत वारसा यादीतली असेल तर खिडकीत बदल करण्याआधी स्थानिक कौन्सिलची मंजुरी लागू शकते.

खिडकीबरोबर दाराखालची फट, पत्रपेटीची झडप, लाकडी जमिनीच्या कडा आणि वापरात नसलेली चिमणीही बघून घ्या. बऱ्याचदा खिडकी बदनाम होते आणि खरी चोरी चिमणीतून चाललेली असते.

इथं थांबून वाचा

या धंद्यात दोन जागा अशा आहेत जिथं माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

पहिली, गॅस. बॉयलरचं झाकण उघडून आतलं काम, गॅसची नळी, गॅसची शेगडी जोडणं, हे ब्रिटनमध्ये गॅस सेफ रजिस्टरवर नोंद असलेल्या इंजिनीयरनंच करायचं, असा कायदा आहे. 'जरासं तर आहे' म्हणून हात लावला तर तो गुन्हा आहे. रेडिएटरची मूठ, हवा काढणं, लॉकशील्ड हे पाण्याच्या बाजूचं काम, ते तुम्ही करू शकता. ही रेघ पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा आणि ग्राहकालाही सांगा. उलट त्यानं तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

दुसरी, हवा. आपण फटी बुजवतो तेव्हा घराचा श्वासही बुजवत असतो. घरात माणसं श्वास घेतात, अंघोळी होतात, कपडे रेडिएटरवर वाळतात आणि आपल्याकडे कुकरच्या शिट्ट्या होतात त्या वेगळ्याच. ती सगळी वाफ कुठंतरी जायला हवी. जाता आली नाही की गार भिंतीवर, कपाटामागं पाणी होऊन बसते आणि तिथं काळी बुरशी येते. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल इथं अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यानं त्याला श्वसनाचा गंभीर आजार झाला, असा निष्कर्ष २०२२ मध्ये चौकशीअंती निघाला. त्याच्या नावानं पुढं सामाजिक भाड्याच्या घरांसाठी कायदाही झाला.

म्हणून नियम असा. खिडकीच्या वरच्या चौकटीत हवेसाठी मुद्दाम ठेवलेली झडप बुजवायची नाही. बाथरूमचा पंखा चालतो का ते तपासायचं, कागदाचा तुकडा जाळीवर धरला की कळतं. भिंतीवर आधीच बुरशी दिसत असेल तर फटी बुजवण्याआधी ओल कुठून येते ते शोधायचं. छतातून गळत असेल तर काम नाकारायचं. आणि ज्या खोलीत चिमणीवाली गॅस शेगडी किंवा लाकडाचा स्टोव्ह आहे तिथली भिंतीतली जाळी कधीही, कुणीही सांगितलं तरी, बंद करायची नाही. ती जाळी बंद झाली की ज्वलनाला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात अशा खोलीत त्याचा अलार्म लावणं घरमालकावर बंधनकारक आहे. स्वतःचं घर असलेल्या ग्राहकालाही तुम्ही तो सुचवा.

हिशेब

इथं आपली मंडळी हमखास कमी पडतात, म्हणून आकडे मांडून दाखवतो. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

एका खोलीचं काम दीड तासाचं धरा. जाणं-येणं एक तास. फोन, मोजमाप, सामान आणणं, बिल लिहिणं अर्धा तास. म्हणजे तुमचे तीन तास गेले. सामान ३० पौंड, पेट्रोल-पार्किंग ८, विमा आणि हत्यारांचा वाटा ७. तासाला २० पौंड कमवायचे असतील तर ६० अधिक ४५, म्हणजे १०५ पौंड घ्यायला हवेत.

नवा माणूस काय करतो? 'दीड तास काम, वीसच्या दरानं ३० आणि सामानाचे ३०, साठ द्या काका.' साठातून पंचेचाळीस गेले, उरले १५. तीन तासांचे पंधरा, म्हणजे तासाला ५ पौंड. एप्रिल २०२५ मध्ये तिथं २१ वर्षं आणि त्यावरील कामगाराचं किमान वेतनच तासाला १२.२१ पौंड होतं. दुकानात कॅश काउंटरवर बसलेला माणूस तुमच्या दुपटीहून जास्त कमावतोय, आणि त्याला काकांचा गालिचा खराब व्हायची भीती नाही.

त्यामुळे दर दोन भागांत सांगा. भेट आणि निदान याचे ठरलेले पैसे, त्यात काय काय तपासणार ते लिहून. मग कामाचा वेगळा दर, निदानानंतर, काम सुरू करण्याआधी, लेखी. ओळखीतल्या लोकांना सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण रक्कम लिहून खाली सवलत दाखवा. नाहीतर ओळखीतल्या ओळखीत तोच तुमचा कायमचा दर होऊन बसतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. एकट्यानं धंदा करायचा तर सोल ट्रेडर म्हणून कर खात्याकडे नोंद होते, वर्षाची उलाढाल १,००० पौंडांच्या वर गेली की हिशेब द्यावा लागतो. व्हॅटची नोंदणी उलाढाल ९०,००० पौंडांच्या पुढं गेल्यावर सक्तीची, तोवर त्याची काळजी नको. पब्लिक लायबिलिटी विमा मात्र पहिल्या ग्राहकाआधी काढा. आणि व्हिसा! स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला परवानगी नाही. बाकीच्यांनी आपापल्या व्हिसाच्या अटी नीट वाचून, शंका असेल तर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाका. सातशे पौंडांच्या कमाईसाठी राहण्याची परवानगी धोक्यात घालू नये.

हा धंदा हंगामी आहे, तक्रारी थंडी पडल्यावर येतात. पण शहाणा माणूस सप्टेंबर धरतो. हीटिंग सुरू व्हायच्या आधी जुन्या ग्राहकांना एक निरोप: 'सगळ्या रेडिएटरच्या पिना मोकळ्या करून देतो, हवा काढतो, खिडक्यांच्या पट्ट्या बघतो.' अर्ध्या दिवसाचं काम, ठरलेला दर. उन्हाळ्यात खिडक्या उघडता येतात, म्हणून सॅश खिडक्यांची मोठी कामं तेव्हा घ्या. पहिले ग्राहक आपल्या लोकांत शोधायला हरकत नाही. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळं आहेत, गणपतीला सगळे भेटतात. पण तिथंच अडकू नका. गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या इंग्रज आजीबाईंची खोली उबदार झाली की त्या चर्चमध्ये दहा जणींना सांगतात.

पुढच्या भागाआधीचा गृहपाठ

दोन साधे थर्मामीटर घ्या. एक घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवा, एक हॉलमध्ये. तीन दिवस सकाळी सात, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा वाजता दोन्ही आकडे वहीत लिहा. थंड खोली १८ अंशांच्या खाली जाते का ते बघा, कारण जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरासाठी तेवढं किमान तापमान सुचवते. मग वर सांगितलेल्या क्रमानं निदान करा: आधी रेडिएटर, मग उदबत्ती. एकाच गोष्टीत बदल करा आणि पुन्हा तीन दिवस आकडे लिहा. दोन्ही बदल एकदम केले तर कशामुळं फरक पडला ते कळणार नाही, आणि ग्राहकाला दाखवायला तुमच्याकडे काही राहणार नाही. ती वही हाताशी ठेवा. पुढच्या व्हिडिओत त्यावरून ग्राहकाला द्यायचा एक पानी अहवाल कसा लिहायचा ते बघू.